मुलांचे डोळे आणि आपली जबाबदारी



फळा दिसत नाही म्हणून चुकीचे उतरवणाऱ्या मुलाला आपण 'ढ' ठरवतो. स्थळे येणार नाहीत म्हणून मुलीला चष्मा लावू देत नाही. हे दोन्ही अन्यायच आहेत.

चष्म्याच्या दुकानात नंबर कळतो, काचबिंदू कळत नाही. आणि त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून डोळ्याचा दाब मोजणारा, थेंब घालून पडदा तपासणारा नेत्रतज्ज्ञ गाठा. वडीलधाऱ्यांचा मोतीबिंदूही थेंबांनी नव्हे, शस्त्रक्रियेनेच जातो. पैशांची अडचण असेल तर १८६७ पासूनचे ससून आहे, महंमदवाडीचे देसाई नेत्र रुग्णालय आहे.

जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी वह्या-पुस्तकांबरोबर मुलामुलींच्या डोळ्यांचीही तपासणी करून घ्या, ही कळकळीची विनंती.