रक्त वाढवायचं, पण किती?

परिषदेचे अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, महाराष्ट्रातून आणि शेजारच्या कर्नाटकातून आलेले डॉक्टर, परिचारिका, डायलिसिस तंत्रज्ञ आणि विद्यार्थी मित्रहो,

स्वागत समितीच्या वतीने आपल्या सर्वांचं मिरजेत मनापासून स्वागत. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथे रुग्णालय उभं केलं. सीमेच्या अलीकडचे-पलीकडचे रुग्ण दुखण्याला उतार पडावा म्हणून मिरजेची वाट धरतात, त्याची ही जुनी पायवाट. त्याच वाटेने आज आपण आलात, याचा आनंद आहे.

दोन दिवस आपण ऑक्सिजनची उणीव, मूत्रपिंड आणि रक्तक्षय यांच्या नात्यावर बोलणार आहोत. हे नातं उलगडायला शंभरहून अधिक वर्षं लागली. १८९० मध्ये व्हियो हा फ्रेंच शास्त्रज्ञ पेरूतल्या मोरोकोचा या उंचावरच्या खाणगावी गेला आणि स्वतःच्याच तांबड्या पेशी मोजत बसला. काही आठवड्यांतच त्या ठळकपणे वाढलेल्या दिसल्या. १९०६ मध्ये पॅरिसला कार्नो आणि देफ्लांद्र यांनी तर्क मांडला, की रक्तनिर्मितीला चालना देणारं काहीतरी रक्तातूनच फिरत असलं पाहिजे. ते प्रामुख्याने मूत्रपिंडात तयार होतं, हे जेकबसन आणि गोल्डवासर प्रभृतींनी १९५७ मध्ये दाखवलं. आणि १९७७ मध्ये मियाके, कुंग आणि गोल्डवासर यांनी रुग्णांचं २,५५० लिटर मूत्र गाळून-शोधून काही मिलिग्रॅम शुद्ध एरिथ्रोपोएटिन हाती आणलं. आपल्या युनिटच्या फ्रिजमधल्या इंजेक्शनमागे एवढी चिकाटी आहे.

पण ऑक्सिजन कमी पडतोय, हे पेशीला कळतं कसं? याचं उत्तर सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांनी दिलं आणि त्यांना २०१९ चं नोबेल मिळालं. त्यातले रॅटक्लिफ हे मूत्रपिंडतज्ज्ञ, म्हणजे आपल्याच बिरादरीतले! पेशी ‘हिफ’ नावाचं प्रथिन सतत बनवते आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर ते लगोलग मोडूनही टाकते. इंजिन चालूच असतं, फक्त क्लचवर पाय दाबून धरलेला असतो. हा पाय म्हणजे प्रोलिल हायड्रॉक्सिलेज हे विकर. त्याला काम करायला ऑक्सिजनच लागतो. ऑक्सिजन घटला की पाय उचलला जातो, हिफ साचतं आणि एरिथ्रोपोएटिनचं जनुक जागं होतं.

आता आपल्या रुग्णाकडे येऊ. जुनाट मूत्रपिंडविकारात नलिकांच्या मधल्या जागेतल्या, एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक बनवणाऱ्या पेशी तंतुमय ऊतीकडे झुकतात आणि आपलं मूळ काम टाकतात. आपण समजत होतो, की त्या कायमच्या गेल्या. पण प्रोलिल हायड्रॉक्सिलेज रोखणारं औषध दिल्यावर डायलिसिसवरच्या रुग्णांच्या शरीरातही एरिथ्रोपोएटिन वाढलेलं दिसलं. क्षमता पुरती संपलेली नव्हती, निरोपच पोहोचत नव्हता. यातूनच तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा नवा गट आला. त्यातलं डेसिडुस्टॅट अहमदाबादच्या झायडसने विकसित केलं आणि २०२२ मध्ये भारतात त्याला मान्यता मिळाली.

मात्र रक्त वाढवता येतं म्हणून वाढवतच सुटायचं का? २००६ चा ‘कॉयर’ आणि २००९ चा ‘ट्रीट’ हे अभ्यास आपण सगळ्यांनी वाचले आहेत. हिमोग्लोबिन तेरा किंवा त्याहून वर नेण्याचा आग्रह रुग्णांच्या अंगाशी आला. ‘ट्रीट’मध्ये तर पक्षाघाताचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. ऑक्सिजन पुरेसा झाला की निरोगी शरीर आपणहून थांबतं. औषधाला ते थांबणं ठाऊक नसतं, ते लिहून देणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. नव्या गोळ्यांच्या बाबतीतही हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोग यांचा विचार आधी व्हायला हवा.

म्हणून यजमान या नात्याने दोन मागण्या मांडतो. पाहुण्यांकडे मागणं शोभत नाही, पण हक्क गाजवतो. फिकट, थकलेला रुग्ण समोर आला की लोहाच्या गोळ्या लिहून मोकळं होण्याआधी क्रिएटिनिन तपासावं. आणि मूत्रपिंडाच्या प्रत्येक रुग्णाचं हिमोग्लोबिन, फेरिटिन व ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ठरावीक काळाने पाहावं, कारण लोह नसेल तर संप्रेरक कितीही टोचलं तरी रक्त बनणार कशाचं? तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांनाही पाळता येईल अशी सोपी पद्धत या परिषदेतून लेखी स्वरूपात बाहेर पडावी, अशी माझी इच्छा आहे.

व्यवस्थेत काही कमी-जास्त झालं तर पोटात घाला. आमची तरुण मंडळी दिवसरात्र राबत आहेत. उद्या सायंकाळी ज्यांना मिरजेची सतारमेकर गल्ली पाहायची असेल, त्यांच्यासाठी गाडीची सोय केली आहे. नावं नोंदणी कक्षात द्यावीत. चर्चा मोकळेपणाने होऊ द्या, मतभेदही होऊ द्या. आपल्या सर्वांचं पुन्हा एकदा स्वागत करतो आणि उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.