गोव्याच्या लग्नाला निघताना

गोव्यातल्या रिसॉर्टवर लग्न आहे? मग तिकीट काढण्याआधी पत्रिकेवरचं गाव नीट वाचा, कारण गोव्यात विमानतळ दोन आहेत. मोरजी, मांद्रे असेल तर मोपा जवळ. बाणावली, कोलवा असेल तर दाबोळी. चुकीच्या ठिकाणी उतरलात, तर दीड-दोन तास टॅक्सीत जातात आणि हळद हुकते. रेल्वेनं येणार असाल, तर उत्तरेसाठी थिवी, दक्षिणेसाठी मडगाव.

मांडव वाळूत असेल, तर उंच टाचा रुततातच. कोल्हापुरीही नको, ओल्या वाळूत चामडं खराब होतं. साधी सपाट चप्पल बरी. पैठणीला दमट, खारी हवा लागते. घरी आल्यावर ती सावलीत पसरून ठेवा, मगच घडी घाला. आणि किनाऱ्यावर लाल बावटा दिसला, तर कृपया पाण्यात उतरू नका.