पोळपाट, लाटणे आणि तराजू
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



मंडळातर्फे पाकवर्ग काढावा असा विचार चालू आहे, आणि त्यावर मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. वर्ग जरूर काढावा. पण तो कसा असावा हे सांगण्यापूर्वी आपल्या कल्याणच्या शेजारची एक हकीगत सांगते.

तरुण मुलींना उल्हासनगर म्हणजे कापडाचा नि फर्निचरचा बाजार एवढेच ठाऊक. दुसऱ्या महायुद्धात तेथे लष्कराची छावणी होती. 1947 साली फाळणी झाली, सबंध सिंध प्रांत पाकिस्तानात गेला, आणि जानेवारी 1948 मध्ये कराचीत दंगल उसळल्यावर तर हिंदू कुटुंबे आगबोटींनी मुंबईस लोटू लागली. त्यांतल्या हजारोंची सोय या रिकाम्या बराकींत झाली. एका बराकीत कितीतरी बिऱ्हाडे, मध्ये गोणपाटाचा पडदा. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली, आणि उल्हास नदीवरून त्याला नाव मिळाले.

या बराकींत दिवस काढलेल्या एक सिंधी मावशी पुढे आमच्या आळीत राहत. आज त्या हयात नाहीत. कराचीस त्यांचे खातेपिते घर होते. बाईने कमवावे असे तेथे कुणाच्या मनातही आले नसते. इकडे आल्या त्या दोन मुले आणि आजारी यजमान घेऊन. छावणीत पापडांचा वर्ग निघाला, त्यात त्यांनी नाव घातले. "मला पापड शिकवायला निघाले होते!" असे म्हणून त्या खूप हसत. खरेच आहे. आल्यागेल्यापुढे पाण्याबरोबर पापड ठेवायची ज्यांच्या घरची रीत, त्यांना पापड काय शिकवायचे?

पण शिकण्यासारखे पुष्कळ निघाले. सिंधची हवा कोरडी. तिथे पापड घटकेत वाळे. इथे आषाढात डब्यातल्या पापडालाही बुरशी! म्हणून उन्हाळ्यातच काम उरकायचे, डबे घट्ट लावायचे आणि पावसाळ्यात मसाले कांडायचे काम धरायचे, हे गणित त्यांना नव्याने बसवावे लागले. दुसरे असे की, घरी मीठ चिमटीने पडते, मिरी अंदाजाने. विकायच्या पापडाला ते चालत नाही. कालच्यासारखा आज लागला नाही तर गिऱ्हाईक परत येत नाही. तेव्हा पीठ, मीठ, पापडखार, सारे तराजूत घालायचे. आणि दर बांधताना उडीद-मिऱ्याच्या बरोबर आपल्या हातांची मजुरीही मांडायची. "माझ्या हातांनाही भाव आहे हे मला तिथे कळलं," असे मावशी म्हणत. एक दुकानदार माल घेऊन महिना महिना पैसे देत नसे. मावशींची वही पाहून तो वठणीवर आला.

वर्गात लाटलेल्या पापडांची मजुरी त्याच दिवशी हातावर मिळे, तुटक्यांचे पैसे कापत नसत. नाहीतर तिसऱ्या दिवशी मी गेलेच नसते, असे त्या स्पष्ट सांगत. घरी चूल वाट पाहत असताना कोणती बाई फुकट शिकायला बसेल? 1959 साली गिरगावात सात भगिनींनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा उद्योग मांडला, तोही लाटण्याच्या मजुरीवरच उभा राहिला.

आता आपल्या वर्गाचे. केक आणि पंजाबी भाज्या शिकवाव्यात अशी सूचना आली आहे. हौसेला ते ठीक. पण दुष्काळी भागातून येऊन आपल्या वस्तीत धुणीभांडी करणाऱ्या ज्या बायका आहेत, त्यांच्यासाठी वर्ग असेल तर ज्वारीची भाकरी आणि ठेचा त्यांना आपण काय शिकवणार? त्यांच्याकडून आपणच शिकू. त्यांना हवे आहे ते वजनमाप, हिशेबाची वही, 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी करताना कुणीतरी सोबत येणे, आणि शिकतानाच्या दिवसांची मजुरी.

मजुरी म्हणताच खजिनदारबाईंच्या कपाळाला आठी पडलेली मला इथून दिसते आहे! माझी सूचना अशी की, यंदाच्या हळदीकुंकवाची वाणे साधी आणावीत आणि उरलेले पैसे वर्गाच्या नावे काढून ठेवावेत. कमी पडले तर घरोघर मी स्वतः फिरेन. तराजू आणि वजने माझ्या घरची आहेत, ती उद्याच आणून देते. वर्गाला बसू इच्छिणाऱ्या बायकांची नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईला आजच घरी जाऊन विचारा.