मळीचा जमाखर्च



अध्यक्षाने प्रथम आपल्या अपात्रतेचा दाखला द्यावा असा आपल्या परिषदांचा रिवाज आहे. माझी अपात्रता सर्वांना ठाऊक असल्यामुळे तो दाखला मी दाखल झालाच असे समजतो आणि थेट स्थळाकडे वळतो. 1942 साली, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, जबलपूरजवळच्या या खमरियात दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. त्याच्या भोंग्यावर घड्याळे लावणाऱ्या वसाहतीत आज आपण खताचा विचार करीत आहो, यात मला विसंगती दिसत नाही. ज्या नत्राच्या संयुगांनी तोफेचा गोळा भरतो, त्याच नत्राने गव्हाची ओंबीही भरते. रसायनशास्त्र दोहोंत भेद करीत नाही, तो आपणास करावा लागतो.

आजचा विषय आहे जैवइंधनाच्या कारखान्यातून उरणाऱ्या पदार्थांपासून भूसुधारके करण्याचा. प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण पुढील सारा हिशेब तिच्यावर अवलंबून आहे. पेट्रोलमध्ये मिसळला जाणारा मद्यार्क, ज्याला आता खेडोपाडीही इथेनॉल म्हणतात, तो कर्ब, हायड्रोजन व प्राणवायू एवढ्या तिघांचाच बनलेला असतो. उसाने कर्ब हवेतून घेतला, बाकीचे दोन हवापाण्यातून आले, आणि म्हणून मद्यार्काचे टँकर कारखान्याच्या फाटकाबाहेर पडतात तेव्हा त्यांतून जमिनीच्या मालकीचे काहीच जात नाही. मुळांनी मातीतून उचललेला पालाश, स्फुरद, चुना, गंधक, सगळा ऐवज मागे राहतो, तो मळीत, रस गाळून राहणाऱ्या प्रेसमडमध्ये आणि अर्क काढून उरलेल्या तांबूस-काळ्या पाण्यात. तेव्हा या पदार्थांना उपपदार्थ म्हणणे हे सावकाराने ठेवीला नफा म्हणण्यासारखे आहे.

भाषेनेही येथे थोडा अन्याय केला आहे. आपल्याकडे साखरेचा दाणा न धरणारी पाकाची राब म्हणजे मळी, रस गाळून राहिलेला चिखल म्हणजेही मळी, आणि आसवनीचे सांडपाणी म्हणजे मळीचे पाणी. तिन्ही मळाच्या घरची. ज्याचे नावच मळ, त्याची वाट ओढ्याकडे लागली तर नवल कसले? एक लिटर मद्यार्कामागे मळीचे असे पाणी 8 ते 15 लिटर निघते. त्याच्या प्रत्येक लिटरात दहाएक ग्रॅम पालाश असतो हे खरे, परंतु सेंद्रिय भार इतका असतो की ते ओढ्यात गेल्यास पाण्यातील प्राणवायू पाहता पाहता संपतो व मासे वर येतात. माझ्या लहानपणी आमच्या मळ्यातील विहिरीचे पाणी एका उन्हाळ्यात चहाच्या रंगाचे झाले. जवळच्या एका आसवनीने ‘खतपाणी’ म्हणून ते मोकळ्या रानात सोडले होते. आजी ते पाणी ओंजळीत घेऊन उन्हात धरी आणि काही न बोलता टाकून देई. खत आणि विष यांत वस्तूचा फरक नसून मात्रेचा आणि बंदोबस्ताचा आहे, हा धडा मी महाविद्यालयात जाण्यापूर्वीच शिकलो.

बंदोबस्त कसा असतो तेही पाहिले आहे. गाळलेल्या उसाच्या शेकडा तीन ते चार भाग निघणारा प्रेसमड पक्क्या फरशीवर लांब वळ्यांनी रचतात, त्यावर मळीचे पाणी बेताबेताने फवारतात, आणि यंत्राने वळी उलथीत राहतात. पहाटे अशा वळीपाशी उभे राहावे. वाफ गुडघ्याएवढी उठलेली असते, हात खुपसला तर कोपरापर्यंत पोचण्याआधीच चटका बसतो, आंबूस वास नाकात भरतो. महिना-दीड महिन्याने तीच वळी थंड, काळी, भुसभुशीत होते आणि वास येतो पहिल्या पावसाचा. कच्च्या प्रेसमडमधील मेणासारखा अंश पाणी मुरू देत नाही; म्हणून तो तसाच शेतात ओढणाऱ्या उतावळ्या मंडळींना पुढे पस्तावावे लागते. नीरेच्या नि प्रवरेच्या कालव्यांखाली अतिपाण्याने चोपण झालेल्या जमिनींना मात्र मुरलेल्या मळीखताने पुन्हा पोत आल्याचे शेतकरी सांगतात, व ते रास्त आहे.

या कामी आपण नवे आहो असा अभिमान नको. इंदुरात सर अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातील टाकाऊ पदार्थांपासून कंपोस्ट करण्याची पद्धत बसवून 1931 साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. हॉवर्डचे नाव जगाने लक्षात ठेवले, वाडांचे आपल्याच माणसांनी विसरावे ही खंत आहे.

अलीकडे मळीचे पाणी आटवून बाष्पकात जाळण्याची चाल पडली आहे. राखेतला पालाश विकला जातो, 14.5 टक्के पालाश असलेल्या अशा खताला 13 ऑक्टोबर 2021 पासून सरकारी अनुदानाच्या यादीत जागाही मिळाली, आणि जो देश पालाश जवळजवळ सर्वस्वी परदेशातून आणतो त्याने हे करणे शहाणपणाचेच होय. परंतु माझे मत लपवीत नाही: जाळण्यात कर्ब आणि नत्र धुरासह जातात. राख हलकी, दूर जाऊ शकते. ओला प्रेसमड बहुतांशी पाणी, तो वीस-पंचवीस कोसांपलीकडे नेणे म्हणजे भाड्याची खोट. म्हणून राख लांबच्या गावांना आणि कंपोस्ट कारखान्याच्या पंचक्रोशीला, अशी वाटणी मला न्याय्य वाटते. प्रेसमडपासून वायू काढून उरणाऱ्या चोथ्यालाही हाच नियम लागू आहे.

आता या मातीविषयी. जबलपूरच्या काळ्या रानांत ‘हवेली’ म्हणून एक पद्धत आहे. पुण्याच्या माणसाला तालुका आठवेल, पण येथे बांध घालून पावसाळाभर पाणी अडवलेले शेत म्हणजे हवेली. पेरणीच्या तोंडावर पाणी सोडून देतात आणि ओलीवर गहू-हरभरा घेतात. ही माती भेगाळते ती हातभर, भिजते तेव्हा पाय सुटत नाही. तिला हवा आहे तो सेंद्रिय कर्ब. जवळच, जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर 1972 पासून सोयाबीन-गव्हाचा दीर्घकालीन खतप्रयोग चालू आहे, आणि त्यात पूर्ण रासायनिक खताला शेणखताची जोड दिलेला वाफा उत्पन्नात व कर्बात वरचढ ठरत आला आहे. शेणखत आता मुबलक राहिले नाही. नरसिंहपुराकडील उसाच्या पट्ट्यातले मळीखत ही उणीव अंशतः भरून काढू शकेल.

परिषदेपुढे माझी सूचना एकच आहे. प्रत्येक कारखाना आपल्या वार्षिक अहवालात किती लिटर मद्यार्क केला ते ठळक टाइपात छापतो. त्याच पानावर आणखी एक रकाना पाडावा: किती पालाश, किती कंपोस्ट, कोणत्या गावच्या कोणत्या रानात परत गेले. ठरावाचा मसुदा चिटणिसांच्या टेबलावर ठेवला आहे. दुपारच्या बैठकीपूर्वी आपण त्यावर सह्या कराव्यात ही विनंती.