स्कॅब : एका शिवीची हकीकत



अमेरिकेतला कामगार संपाच्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर उभा राहून आत जाणाऱ्याला जी शिवी देतो, तिच्याविषयी आम्ही आज बोलणार आहोत. ती शिवी म्हणजे ‘स्कॅब’. आपण ‘संपफोड्या’ म्हणतो, पण त्यात मूळची किळस येत नाही. स्कॅब म्हणजे खरूज. मेंढरांच्या खरजेलाही हाच शब्द आहे. एका मेंढीची खरूज कळपाला कशी लागते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या शिवीची धार समजावून सांगायला नको.

हलकट माणसाला हे नाव इंग्लंडात सोळाव्या शतकापासून देत. ब्रिस्टलच्या जोडे शिवणाऱ्या कारागिरांनी १७७७ साली ते आपल्या भांडणात वापरले, आणि पुढे ते समुद्रापलीकडे गेले. १८०६ साली फिलाडेल्फियात जोडे शिवणाऱ्याच आठ कारागिरांवर खटला झाला. मजुरी वाढवून घेण्यासाठी एकजूट केली, हा म्हणे कट! प्रत्येकाला आठ डॉलर दंड झाला. त्या खटल्याच्या साक्षींत हा शब्द पुनःपुन्हा येतो. जो संघटनेच्या बाहेर तो स्कॅब. त्याच्याबरोबर एका दुकानात कामाला बसायचे नाही, एका खाणावळीत राहायचे नाही. आपल्या गावकीतले वाळीत टाकणे दुसरे काय असते?

त्यातली जॉब हॅरिसनची साक्ष संघटनेचे काम करणाऱ्याने अवश्य वाचावी, ती आपल्या विरुद्ध आहे म्हणूनच वाचावी. घरात आजारी बायको, पदरात लहान पोरे. म्हणून १७९९ च्या संपात त्याने चोरून काम चालू ठेवले होते. शिवीमागचा माणूस तिथे दिसतो.

पुढे ‘संप मोडणारा’ हा अर्थ रूढ झाला, पण जुना अर्थ मेला नाही. व्हर्जिनियातील रिचमंड येथे टपाल वाटणाऱ्यांच्या युनियनने सभासद न झालेल्यांची नावे ‘स्कॅब’ म्हणून आपल्या पत्रकात छापली. संप नव्हताच. तिघांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. खालच्या कोर्टात ते जिंकले. पण १९७४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. युनियनमध्ये न येणाऱ्याला स्कॅब म्हणणे शब्दाच्या अर्थाला धरूनच आहे, असे न्यायालयाने मानले. त्याच पत्रकात जॅक लंडनच्या नावावर खपणारा एक जळजळीत मजकूर होता. तो त्याचाच असल्याचा पुरावा नाही. त्याचा खरा लेख १९०४ सालचा, आणि त्यात तो म्हणतो की तेवढ्याच दामात दुसऱ्यापेक्षा अधिक देणारा प्रत्येक जण स्कॅबच, मग तो भांडवलवाला का असेना.

आता आमची हरकत सांगतो. १९१९ साली अमेरिकेत पोलाद कामगारांचा मोठा संप झाला. मालकांनी हजारो कृष्णवर्णीय मजूर आत घातले आणि गोऱ्या संपवाल्यांनी त्यांना स्कॅब ठरवले. पण कितीतरी युनियनांनी त्याच लोकांना आपल्या दारात उभे केले नव्हते! ज्याला आपण आत घेतलेच नाही, त्याला ‘बाहेरचा’ म्हणून शिवी द्यायची कोणत्या तोंडाने? मुंबईच्या गिरण्यांत हेच होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. तो मालकांना विचारलेला नव्हता, युनियनला विचारलेला होता.