शेलूबाजारात म्हाकूळ

शेलूबाजारच्या व्याख्यानमालेत यंदा चक्क समुद्र आला. मंगरुळपीर तालुक्यातल्या या सोयाबीन-तुरीच्या गावात विषय होता ‘तापता समुद्र आणि म्हाकूळ’, म्हणजे स्क्विड. साहजिकच “रस्सा कसा करायचा, ते आधी सांगा!” अशी मागच्या रांगेतून फर्माईश झाली. व्याख्याते हसले, पण बेताने. कर्बवायू, एल निनो वगैरे ‘आपण जाणताच’ म्हणून त्यांनी उरकून टाकलं.

मग ऑस्ट्रेलिया. स्पेन्सर आखातातले म्हाकुळाचे भाऊबंद, मोठे कटलफिश, का घटले, हे शोधायला ॲडलेड विद्यापीठाचे संशोधक निघाले. जगभरची आकडेवारी मांडली, तर चित्र उलटंच दिसलं. 1953 ते 2013 या काळात म्हाकूळ, कटलफिश, अष्टपाद वाढत गेले होते. झोई डबलडे आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. या प्राण्यांचं आयुष्य बहुधा वर्ष-दोन वर्षांचं. पाणी कोमट झालं, तर एका मर्यादेपर्यंत अंडी लवकर फुटतात आणि पिल्लं झपाट्याने वाढतात.

“म्हाकूळ वाढलं, की पकडणारे वाढले?” एका निवृत्त गुरुजींनी मध्येच विचारलं. व्याख्यात्यांचा आवाज चढला. नुसती पकड नव्हे, मेहनतीच्या प्रमाणात मिळालेली पकड मोजली आहे, हे त्यांनी दोनदा बजावलं. प्रश्न मात्र रास्त होता.

त्यांचा खरा आग्रह वेगळाच: सगळं उष्णतेच्या खात्यावर टाकू नका, म्हाकूळ खाणारे मोठे मासे आपणच उपसले. इथून गाडी कोकणात शिरली, ती परतेचना. रात्री पाण्यावर एलईडीचे प्रखर झोत सोडायचे; उजेडाला बारीक मासळी जमते, तिच्यामागे म्हाकूळ, मग जाळं. “तुमच्या शेतातला प्रकाश सापळाच तो!” म्हणताच सभागृह जागं झालं. हुमणीचे भुंगेरे किती सापडतात, यावर पुढच्या रांगांत वेगळीच सभा भरली. केंद्राने 10 नोव्हेंबर 2017 रोजी मासेमारीच्या या एलईडी दिव्यांवर बंदी घातली, 2021 मध्ये राज्याने दंड लाखांत नेला; पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारी तरी थांबल्या नाहीत.

“पण याचा तापमानाशी संबंध?” गुरुजी पुन्हा उठले.

“त्यावरच येतोय,” म्हणेपर्यंत अध्यक्षांची चिठ्ठी पोचली होती.

उरलेलं घाईत झालं. हम्बोल्ट म्हाकूळ 2002 नंतर काही वर्षं कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात दिसत राहिलं. मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्निया आखातात मात्र 2009-10 च्या एल निनोनंतर, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापल्यानंतर, ते खुजं झालं आणि तिथली मासेमारी कोसळली.

जपानचा कागद वाचायचा राहूनच गेला. व्याख्यात्यांच्या उत्साहाला तो जरा अडचणीचाच होता, म्हणून इथे देणं भाग आहे. तिथल्या सुरुमे म्हाकुळाची पकड 2000 साली 3 लाख टनांहून अधिक होती; 2022 मध्ये ती तिच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरली. अंडी घालण्याच्या जागी पाण्याचं तापमान बदललं, हे तिथल्या तज्ज्ञांनी दिलेलं एक कारण आहे.