अखेरच्या उपचारांची मसलत

थांबलेले हृदय छातीवर बाहेरून दाब देऊन पुन्हा चालते करण्याची पद्धती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील संशोधकांनी 1960 साली जगापुढे मांडली आणि तिने असंख्य जीव वाचविले. परंतु तिचा हेतू अकस्मात ओढवणारा मृत्यू टाळणे हा असून असाध्य व्याधीच्या अटळ अंताला ती लागू नाही, असे अमेरिकेतील वैद्यकीय मार्गदर्शनाने 1974 सालीच स्पष्ट केले होते. या उपचारात छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल दाबावी लागते. वृद्धांच्या बरगड्या पुष्कळदा मोडतात. आणि ज्याचा कर्करोग सर्वांगी पसरला आहे त्याचे हृदय क्षणभर चालू झाले, तरी व्याधी जागची हलत नाही.

आपल्या घरांतून मात्र रोग्यालाच रोगाचे नाव सांगत नाहीत. मुलगा डॉक्टरांना व्हरांड्यात गाठून ‘अण्णांना काही कळू देऊ नका’ अशी विनवणी करतो, डॉक्टर मुकाट्याने मान डोलावतात, आणि मग एखाद्या अपरात्री, अण्णा बेशुद्ध असताना, कधी न भेटलेला तरुण डॉक्टर थकलेल्या मुलीला विचारतो, ‘सर्व काही करायचे ना?’ या प्रश्नाला ‘नको’ म्हणणे म्हणजे बापाच्या मृत्यूच्या फर्मानावर सही करणे, असे तिला वाटले तर नवल काय! हा भार तिच्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. ‘छाती दाबून यांना लाभ होणार नाही, क्लेश मात्र होतील, असे माझे मत आहे, अण्णांना स्वतःला काय हवे असते, ते तुम्ही सांगा,’ असे उपचार करणाऱ्या वैद्याने स्वतः, दिवसाउजेडी, जवळ बसून म्हटले पाहिजे, आणि अण्णा शुद्धीवर असतील तर प्रथम त्यांनाच विचारले पाहिजे. वृद्ध माणसे या विषयाला आपण समजतो तितकी भीत नाहीत.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2020 साली छाती दाबण्याचा हा उपचार न करण्याच्या निर्णयासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार असा निर्णय केवळ या एका उपचारापुरता असतो. वेदनाशमन, औषधे, शुश्रूषा यांत खंड पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी आगाऊ वैद्यकीय इच्छापत्रास, म्हणजे अखेरच्या उपचारांविषयीची आपली इच्छा माणसाने शुद्धीत असतानाच लिहून ठेवण्यास, मान्यता दिली, आणि 2023 च्या जानेवारीत त्याची किचकट कार्यपद्धती सुलभ करून न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर, दोन साक्षीदारांसह, तो दस्तऐवज करण्याची मुभा दिली.

जे ठरेल ते केसपेपरवर कारणांसह नोंदवून रात्रपाळीच्या डॉक्टरांस व परिचारिकांस तोंडीही सांगावे, आणि प्रकृतीत फरक पडल्यास पुन्हा विचार करावा. परगावी राहणाऱ्या थोरल्या मुलाला या मसलतीत दूरध्वनीवरून का होईना, आधीच सामील करून घ्यावे. शेवटच्या दिवशी धावत आलेल्या माणसाला सेवा करणाऱ्या भावंडांवर संशय घेण्याची वेळच येऊ नये.